बिब्ब्याची खूण



आजचं चिंतन गीतेच्या १३ व्या अध्यायातल्या ७ व्या श्लोकावर. ज्ञानाची लक्षणं भगवंत इथून सांगायला लागतात. त्यातलं एक 'शौच', म्हणजे शुद्धी. माउलींनी त्यावर कापराचा दृष्टांत दिलाय. कापूर बाहेर जसा, आत तसाच.

काल रात्री हे वाचताना मला मात्र वास आला तो लॉन्ड्रीचा. हसू नका, खरंच आला. सोडा, नीळ, खळ आणि कोळशाच्या इस्त्रीची धग.

औरंगपुऱ्यात (शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद) आमच्या गल्लीच्या तोंडाशी परीटकाकांची लॉन्ड्री होती. लॉन्ड्री म्हणजे काय, तर एक फळी, एक कपाट आणि मागे भट्टी. प्रत्येक घराच्या कपड्यांवर आतल्या बाजूनं खूण असायची. बिब्ब्याला सुई टोचायची, त्या काळ्या रसानं खूण करायची आणि वर चुना लावायचा. मग कपडा भट्टीत घाला, दगडावर आपटा, खूण जात नाही. आमची खूण म्हणजे दोन टिंबं आणि एक आडवी रेघ. काकांना लिहिता येत नव्हतं, पण कुणाचा कपडा कुणाकडे गेला असं कधी झालं नाही.

एकदा कपडे टाकायला मी गेलो आणि वाटेत बाबांच्या सदऱ्याच्या खिशातले वीस रुपये काढून घेतले. संध्याकाळी बाबांच्या लक्षात आलं. मला बरोबर घेऊनच ते लॉन्ड्रीत गेले. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग गल्ल्यातून वीस रुपये काढून फळीवर ठेवले.

"भट्टीत गेले असतील, मास्तर. माझ्याकडून घ्या."

बाबांनी घेतले. मी गप्प.

पुढे घरी व्हिडिओकॉनचं मशीन आलं. पैठण रस्त्यावर चितेगावला त्यांचा कारखाना, त्यामुळे गल्लीत 'आपलंच मशीन' म्हणून कोण कौतुक! एका टबात धुवायचं, ओले पिळे हातानं उचलून दुसऱ्यात टाकायचे. बादलीनं पाणी भरता यायचं, हे आपल्या नळांची तऱ्हा पाहता बरंच. ड्रायर सुरू झाला की मशीन चालत मोरीच्या दारापर्यंत यायचं आणि आई त्यावर हात दाबून उभी राहायची. सगळे हसायचे. सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता. आता लॉन्ड्रीच्या फळीसमोर उभं राहायला नको!

गाडगेबाबा परीट घराण्यातले. जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. गावात शिरले की आधी खराटा, गाव झाडून काढायचं, कीर्तन रात्री. मी रोज सकाळी इथे शुद्धीवर लिहितो. माझा खराटा कुठाय?

श्लोक पुन्हा नीट वाचला. शौचाच्या आधी आचार्योपासना आहे आणि तिच्याही आधी आर्जव. आर्जव म्हणजे विनवणी नव्हे, सरळपणा. हा क्रम उगाच नसावा असं मला वाटतं. सरळ सांगून टाकल्याशिवाय धुणं सुरूच होत नाही. नुसतं उपासतापास नि पारायणं म्हणजे खळ आणि इस्त्री. कपडा कडक दिसतो, मळ आत तसाच.

काका आता नाहीत. त्याच कोपऱ्यावर त्यांचा मुलगा विजेच्या इस्त्रीवर कपडे करतो. परवा आईच्या ट्रंकेत बाबांचा एक सदरा सापडला. तोच की दुसरा, आता सांगता येणार नाही. इस्त्रीला घेऊन गेलो. त्यानं कॉलर उलटी केली. दोन टिंबं, एक रेघ.

"हे आमच्या बाबांच्या हातचं आहे, काका," तो म्हणाला.

मी "हो" म्हणालो. एवढंच म्हणालो आणि घरी आलो.

सदरा उद्या संध्याकाळी मिळायचाय.

राम कृष्ण हरी.