सायलेन्सर आधी की दार आधी?

प्रीमियर पद्मिनीचं दार उघडून आत बघितलं तर फार काही नसतं. बाहेरचा पत्रा, आतला छिद्रं असलेला पत्रा, मधल्या पोकळीत काच वरखाली करणारी यंत्रणा आणि आतल्या बाजूला रेक्झिन चढवलेलं पॅड. बाहेरच्या पत्र्यावर बोटाने टकटक केली तर तो रिकाम्या डब्यासारखा वाजतो. चालत्या गाडीत इंजिन आणि रस्ता हेच काम अखंड करत असतात. म्हणून जुन्या गाड्या जपणारी मंडळी पॅड उतरवतात आणि बाहेरच्या पत्र्याला आतून ब्युटाईल रबराची शीट चिकटवतात. तिच्यावर ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो आणि ती रोलरने दाबून बसवतात. पत्र्याची थरथर रबर शोषून घेतं आणि तिची किंचित उष्णता होते. सगळा पत्रा मढवायचीही गरज नसते. मधला मोठा, सपाट भाग झाकला तरी दार लावताना ‘खण्ण’ऐवजी ‘थप्प’ असा भरीव आवाज येतो.

पण बहुतेकजण तिथे थांबत नाहीत. पुढे फोमचा थर येतो, त्यावर जड विनाइलचा, दाराच्या कडेला नवं रबर. या दोन्ही कामांना आपण ‘साउंडप्रूफिंग’ हा एकच शब्द वापरतो, मात्र ती वेगळी आहेत. पहिल्यात दार स्वतः वाजायचं थांबतं. दुसऱ्यात बाहेरचा आवाज अडवला जातो, आणि तोही फक्त आत बसलेल्यांपुरता. पहिल्याबद्दल कोणाचं काही म्हणणं असायचं कारण नाही. दुसऱ्याबद्दल मात्र विचारायला हवं: जो आवाज सगळ्यांचा मिळून झालेला आहे, त्यातून पैसे भरून एकट्याने बाहेर पडणं योग्य आहे का?

हा प्रश्न हवेत न ठेवता दिवाळे गावात आणून बघू. बेलापूरजवळचा हा कोळीवाडा. एका अंगाला पनवेलची खाडी आणि होड्यांचा धक्का, दुसऱ्या अंगाला सायन-पनवेल महामार्ग, जवळच संपणारा पाम बीच मार्ग. खाडीपलीकडे नवी मुंबईचा विमानतळ. त्यासाठी उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट केली, आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडू लागली. होडीच्या इंजिनाची धडधड आणि मासळीबाजारातली घासाघीस गावाची स्वतःची आहे. बाकीचा आवाज बाहेरून आला. समजा, इथल्या कोणी हौसेने एक पद्मिनी राखली आहे आणि तिची चारही दारं अशी मढवून घेतली आहेत. काच वर केली की महामार्ग दूर गेल्यासारखा वाटेल. पण त्याच रस्त्याच्या कडेला पाटी घेऊन रिक्षाची वाट बघणाऱ्या मावशींसाठी तो तसूभरही हलणार नाही. त्यांच्या कानांना लावायला दार नाही.

म्हणून तो दोषी ठरतो का? मला तसं वाटत नाही. कान जपणं ही चैन नव्हे. ८५ डेसिबलच्या आसपासचा आवाज रोज आठ तास, वर्षानुवर्षं सोसला तर श्रवणशक्ती जाण्याचा धोका असतो. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही, पण ज्यांनी त्या पत्र्याच्या डब्यात बसून आयुष्यभर टॅक्सी हाकली, त्यांच्या दारात कोणी रबर लावलं असतं तर ते उपकारच ठरले असते. शेजारी गोंगाटात आहे म्हणून मीही गोंगाटात राहावं, असं नीतिशास्त्र सांगत नाही.

अडचण पुढची आहे. बंद काचेआड आपल्याला आपला हॉर्नही सौम्य वाटू लागतो. बाहेरच्याला तो पूर्वीइतकाच कर्कश असतो. आपलं आणि त्याचं मोजमाप मात्र वेगळं झालेलं असतं. २०२० साली मुंबई पोलिसांनी काही सिग्नलांवर डेसिबलमापक बसवले होते: हॉर्नचा गोंगाट ८५च्या वर गेला की लाल दिव्याची वेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. त्यातला खरा मुद्दा शिक्षेपेक्षा वेगळा होता. आवाज करणाऱ्याला आपल्या आवाजाचा परिणाम स्वतः भोगायला लावायचा, हा तो मुद्दा. मढवलेलं दार नेमकं उलट करतं.

शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. कागदावरचा हा आकडा राखायला तक्रार करणारे लागतात. ज्यांचं म्हणणं ऐकलं जातं, तेच एकेक करून बंद काचेआड गेले, तर तक्रार कोण करणार? पिण्याच्या पाण्याचं आपण हेच केलं. घरोघरी फिल्टर आले आणि नळाच्या पाण्याबद्दलचा आपला आवाज बसला.

गंमत अशी की आवाज कमी करणारा एक भाग इंजिनाच्या प्रत्येक गाडीत मुळातच असतो आणि तो मुख्यतः इतरांसाठी असतो: सायलेन्सर. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२०वा नियम तो सक्तीचा करतो. दारातलं रबर ऐच्छिक आहे आणि स्वतःसाठी आहे. तेव्हा जुन्या गाडीवर खर्च करताना क्रम कोणता, हाच मला या प्रश्नाचा गाभा वाटतो. फुटका सायलेन्सर तसाच ठेवून दारं मढवणं म्हणजे आपला कचरा रस्त्यावर टाकून घराची खिडकी लावून घेणं.

आणि दारं मढवतानाही एक गोष्ट जाणकार कारागीर आवर्जून सांगतात: तळाची भोकं बुजवू नका. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात शिरतंच. ते खालच्या भोकांतून वाहून जावं अशीच दाराची रचना असते. भोकं बंद झाली की पाणी आत साचतं, आणि खाडीकाठच्या खाऱ्या हवेत पत्रा आतून सडतो. बाहेरून रंग चकाकत असतो, म्हणून फार उशिरा कळतं.

तेव्हा माझ्यापुरता क्रम असा: आधी सायलेन्सर, मग हॉर्नवरचा हात, मग दाराची स्वतःची खडखड. एवढं झाल्यावर हवा तर फोम. आणि तो लावल्यानंतरही गावातून जाताना काच थोडी खाली असू द्यावी. आपली गाडी बाहेर कशी ऐकू येते, हे त्याशिवाय कळत नाही.