आधी आडवी रेषा बघ

प्रिय भाचीस,

तुझ्या वहीची पानं पाहिली. लॉगरिदमवर तुझा हात चांगला बसलाय. पण आलेख मनात न आणता तू थेट समीकरण सोडवायला बसतेस, ही सवय अकरावीतच मोड.

य-अक्षावरचा छेद सोपा: क्ष = ० ठेवायचं. फक्त एवढं बघ, की य = ५·२^क्ष यात घात २चा आहे, ५चा नाही. म्हणून छेद ५ वर येतो, १ वर नव्हे.

खरी मेख क्ष-अक्षाशी आहे. २^क्ष = ० इथपर्यंत येऊन तू पुढे क्ष = ० लिहिलंस. अगं, २चा शून्य घात १ असतो! डावीकडे सरकत जा: क्ष = −१ ला अर्धा, क्ष = −१० ला १/१०२४. दर पावलाला निम्मं होतं आणि निम्मं करून शून्य कधीच येत नाही. तेव्हा 'क्ष-अक्षावर छेद नाही' असं ठामपणे लिही. ते पूर्ण उत्तर आहे.

आता य = ३·२^क्ष − १२ घे. याची अनंतस्पर्शी रेषा, म्हणजे आलेख डावीकडे जिच्या जवळ जात राहतो पण जिला कधीच टेकत नाही ती आडवी रेषा, य = −१२. आलेख तिच्या वरून चढत जातो आणि क्ष-अक्षही तिच्या वरच आहे, म्हणजे गाठ पडणारच. २^क्ष = ४, म्हणून क्ष = २; य-अक्षावर −९. उणे १५ असतं तर २^क्ष = ५ आलं असतं आणि क्ष सुमारे २.३२. अधिक १२ असतं तर २^क्ष = −४; तिथे पेन खाली ठेवायचं.

हे निव्वळ परीक्षेपुरतं नाही. कार्बन-१४ वरून वय काढण्याच्या पद्धतीसाठी विलर्ड लिबी यांना १९६०चं नोबेल मिळालं. तिथला य-छेद म्हणजे जीव मेला तेव्हाचा कार्बन-१४. तो धरल्याशिवाय वय निघतच नाही. ५७३० वर्षांनी तो निम्मा, ११४६० वर्षांनी पाव. सूत्रात तो कधी संपत नाही, पण सुमारे ५०,००० वर्षांनंतर इतका थोडा उरतो की मोजणं अवघड होतं.

आता य = ८ − २^क्ष करून पाठव. हा अनंतस्पर्शीच्या खालून जातो. छेद आहे की नाही, ते सोडवण्याआधी समासात लिही.

तुझा,
मामा