कुठल्या दिवशीची सायकल?

जुनी वस्तू दुरुस्त करताना आपण ती ‘मूळ रूपात’ आणतो असं म्हणतो. या बोलण्यात एक गोष्ट धरून चाललेली असते: त्या वस्तूला एकच मूळ रूप होतं, आणि पुढे जे झालं ती नुसती झीज. गेले चार महिने माझ्या वडिलांची सायकल आमच्या भिलाईच्या घराच्या व्हरांड्यात सुटी करून ठेवलेली आहे. तिच्याकडे बघता बघता या समजुतीवरचा माझा विश्वास उडत चालला आहे.

सायकल सेन-रॅले. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीच्या भागीदारीत आसनसोलजवळ कन्यापूरला ही सायकल बनायची, म्हणजे मुळातच ती एका इंग्रजी सायकलीचं भाषांतर. अठ्ठावीस इंची, सळईच्या ब्रेकची, पुढच्या चाकाला ३२ तारा आणि मागच्याला ४०, कारण वजन मागे पडतं. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार सोव्हिएत संघाशी १९५५ साली झाला आणि पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. वडील भंडाऱ्याहून आले ते त्यानंतर दहाएक वर्षांनी. क्वार्टर मिळायच्या आधी त्यांनी हप्त्यांवर सायकल घेतली. तिन्ही पाळ्या त्यांनी तिच्यावरून केल्या.

विकत घेतली तेव्हा ती काळी होती, सोनेरी रेघांची. पण वडिलांनी ती तशी फार दिवस ठेवली नाही. रात्रपाळीला जाताना ट्रकवाल्याला लांबून दिसावी म्हणून तिला चंदेरी रंग दिला, आणि मग दर दोन-तीन वर्षांनी त्यावर आणखी एक हात. पँट अडकते म्हणून चेनकव्हर काढून टाकलं. गॅसची टाकी बसावी म्हणून कॅरिअरला पट्टी जोडून घेतली. माझ्यासाठी दांडीवर छोटी सीट आली, मग ती धाकट्या भावाला मिळाली, मग निघाली. तिच्या नटांचे वळ दांडीवर अजून आहेत. मागच्या मडगार्डवर लाल रंगात त्यांचा टोकन नंबर आहे, ब्रशने काढलेला, शेवटचा आकडा जागा न पुरल्याने बारीक झालेला. हँडलच्या मानेवर कुंकवाचा थर आहे. भिलाईत १७ सप्टेंबरची विश्वकर्मा पूजा मोठी, आणि आमच्या घरी खंडेनवमीही सुटत नसे. त्यामुळे या सायकलीला वर्षातून दोनदा हळदकुंकू लागे.

आता सांगा, यातलं मूळ कोणतं? कारखान्यातून निघाली त्या दिवशीची सायकल हवी असेल, तर वडिलांनी केलेलं सगळं खरवडून काढावं लागेल. वडिलांची सायकल हवी असेल, तर कन्यापूरची सोनेरी रेघ चंदेरी रंगाखालीच राहू द्यावी लागेल. दोन्ही एकदम मिळत नाहीत. जुन्या सायकली जमवणारे माझे एक स्नेही आहेत. त्यांच्या मते पहिलाच मार्ग खरा, बाकी हळवेपणा. सुपेल्याच्या मिस्त्रीने फ्रेम उचलून वजन बघितलं आणि विचारलं, “दीदी, चलाना है कि सजाना है?” त्याच्या लेखी सायकल किती जुनी आहे हा प्रश्नच नव्हता.

आणि तो नसावाच. ‘विंटेज’ हा शब्द या जातीच्या सायकलीला लागतो तो परदेशात, जिथे ती रस्त्यावरून केव्हाच गेली. इथे ती गेलेलीच नाही. या मापाचे टायर, ब्रेकची रबरं, क्रँकची कॉटर पिन हे सगळं मिस्त्रीकडे दुधाच्या पावडरीच्या डब्यात पडलेलं असतं. कारखान्याच्या गेटवर पाळी सुटते तेव्हा ठेकेदाराकडचे मजूर याच घडणीच्या सायकलींवरून आसपासच्या गावी परततात. त्यांच्यापैकी कुणाला मी माझ्या ‘वारशा’बद्दल काय सांगणार? ज्याला दुसरं वाहन परवडतं त्यालाच हे जुनेपण सुंदर दिसतं. (मिस्त्री ‘ओव्हरहॉलिंग’ला ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणतो, माझे वडीलही तेच म्हणत. सायकलीला तेलपाणी करण्याच्या कामाला हाच शब्द अधिक शोभतो.)

माझा व्यवसाय भाषांतराचा. त्यामुळे अनेकांनी मला समजावलं की तुला तर हे कळायला हवं. जुन्या मजकुराला आजच्या वाचकासाठी नवं करणं हे तुझं रोजचं काम. ही तुलना मला अर्धीच पटते. मी एखाद्या कादंबरीचं कितीही स्वैर भाषांतर केलं तरी मूळ कादंबरीचं एक अक्षर हलत नाही. माझं काम नाही आवडलं तर उद्या दुसरी कुणी नव्याने करील. सायकलीचं तसं नाही. तिथे दुरुस्ती मूळ वस्तूच्याच अंगावर होते. रंग एकदा उतरवला की उतरला. स्वातंत्र्य घेण्याची जी मुभा मला कागदावर आहे, ती व्हरांड्यात नाही.

जवळचं उदाहरण भाषांतराचं नसून पोथीचं आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली. अपपाठ काढले, आणि यापुढे कुणी तीत स्वतःची ओवी घालू नये असंही बजावलं. मूळ रूपात आणणं आणि सुधारणं यांतली रेघ इतकी स्पष्ट आखणारं मराठीत दुसरं उदाहरण मला आठवत नाही. पण शुद्ध प्रत रूढ झाली आणि जुने पाठ मागे पडले. १९०९ साली राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली, तिच्यावरही वाद झाले. आपल्यापर्यंत जी ज्ञानेश्वरी आली ती दुरुस्त करणाऱ्याच्या हातातून आली. एकनाथांनी हात लावला नसता तर ती अधिक ‘मूळ’ राहिली असती असं मात्र मला वाटत नाही. नकलणारे चुकत राहिले असते, घुसडणारे घुसडत राहिले असते. न वापरलेली सायकलही तशी राहत नाही. सात वर्षं पायऱ्यांखाली उभी होती, तेवढ्यात मागची रीम आतून गंजली आणि छर्रे ग्रीसमध्ये घट्ट बसले.

भाचीला सायकल हवी आहे. सतरा वर्षांची, माझ्यापेक्षा उंच, दुर्गला कॉलेजात जाते. तिला गिअर हवे होते. “आत्या, एवढं करतेच आहेस तर सात गिअर टाक ना.” मी नाही म्हटलं. गिअरचं मागचं चाक अधिक रुंद असतं. ते बसवायला फ्रेमचे मागचे पाय वाकवून फाकवावे लागतात. पोलाद ते सहन करतं, पण ती फ्रेम मग वेगळी होते.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मला नाही म्हणता येईना. सळईचे ब्रेक रीमच्या आतल्या अंगाला दाबतात, आणि पावसात ओल्या पोलादी रीमवर ते फार उशिरा धरतात. वडील हे जाणून चालवायचे, शिवाय त्यांच्या वेळचा जी. ई. रोड वेगळा होता. आजच्या त्या रस्त्यावर मुलीला पाठवायचं आणि आपण जुन्या सळयांशी प्रामाणिक राहायचं, याला मी निष्ठा म्हणणार नाही. पण ब्रेक बदलायचे तर ॲल्युमिनियमच्या रीम हव्यात, म्हणजे दोन्ही चाकं गेली. नवा ब्रेक बसवायला पुढच्या चिमट्याला भोक पाडावं लागेल. मिस्त्रीनेच तोड काढली: चिमटा दुसरा लावू, जुना जपून ठेवा.

म्हणून आता माळ्यावर दोन चाकं, चिमटा आणि सळया तेल लावून गोणपाटात बांधलेल्या आहेत. थीसियसच्या जहाजाच्या कोड्यात हॉब्जने १६५५ मध्ये भर घातली होती, की काढलेल्या जुन्या फळ्या जपून त्यांचंच पुन्हा जहाज बांधलं तर खरं कोणतं? मला पाली ग्रंथातला नागसेन जवळचा वाटतो. तो मिलिंद राजाला विचारतो, आस म्हणजे रथ का, चाकं म्हणजे रथ का. आणि रथ हे नुसतं ठरवून घेतलेलं नाव असल्याचं दाखवून देतो. तरी राजा परत त्या रथातूनच गेला असणार.

फ्रेमला आम्ही रंग दिलेला नाही. गंजलेल्या जागा तेवढ्या घासून त्यावर पारदर्शक लेप मारला, त्यामुळे दांडीवर चंदेरी, काळा आणि जिथे खरचटलं तिथे एक सोनेरी रेघ, असं सगळं एकत्र दिसतं. माझ्या स्नेह्यांना ते बघवत नाही. आई म्हणाली, कुंकू पुसू नका. ते पुसलेलं नाही. मडगार्डचं मात्र अजून ठरायचं आहे. भाचीला टोकन नंबराखाली स्वतःचा रोल नंबर लिहायचा आहे, त्याच लाल रंगात, ब्रशनेच. आजोबांचा शेवटचा आकडा ती सरळ करणार नाही असं तिने कबूल केलं आहे. मी तिला सांगितलं आहे, आधी कागदावर लिहून दाखव, जागा पुरते का बघू.