दैव पाचवं आहे

आजचं चिंतन : गीता, अध्याय १८, श्लोक १४



मागच्या जुलैत आम्ही भाड्याचं मोटरहोम घेऊन ग्रँड कॅन्यनला निघालो होतो. मी चालवत होतो. मागे आई, बायको आणि लेक. बारस्टोहून नीडल्सकडे जाणाऱ्या इंटरस्टेट ४० वर, भर वाळवंटात, पुढचा उजवा टायर फुटला. बार उडावा तसा आवाज झाला आणि गाडी उजवीकडे ओढायला लागली.

अशा वेळी पाय ब्रेककडेच धावतो. पण ब्रेक दाबला की वजन पुढे, फुटलेल्या चाकावर येतं आणि ओढ वाढते. करायचं असतं उलटं. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ ठेवायची आणि ॲक्सिलरेटर क्षणभर थोडा दाबायचा, म्हणजे पुढचा जोर त्या ओढीला पुरून उरतो. गाडी ताब्यात आली की पाय हळूहळू उचलायचा, वेग आपोआप उतरू द्यायचा आणि मग अलगद कडेला घ्यायची. हे मी आदल्या रात्री व्हिडिओत पाहून मनात घोकलं होतं. तसंच केलं, आणि गाडी थांबली.

आई म्हणाली, "माउलीनंच वाचवलं रे!" मीही हात जोडले. पण आत काहीतरी टोचत होतं. रोज सकाळी टायर थंड असतानाच हवा तपासा, असं आम्हाला बजावलेलं होतं. हवा कमी असली की टायरची बाजू जास्त दबते आणि तापत जाते. त्या सकाळी उशीर झाला म्हणून मी तपासलीच नव्हती. हवा खरंच कमी होती का, हे आता कळायला मार्ग नाही. मी पाहिलं नव्हतं, एवढं मात्र नक्की.

मग "देवानं वाचवलं" ही माझी भक्ती होती की पळवाट?

या श्लोकात भगवंत कर्माची पाच कारणं सांगतात: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना प्रकारच्या क्रिया आणि पाचवं दैव. दैव यादीत आहे, म्हणून "मी वाचवलं" असं मला म्हणता येत नाही. पुढे १६व्या श्लोकात, स्वतःलाच एकटा कर्ता मानणाऱ्याला खरं दिसतच नाही, असंही म्हटलंय. पण दैव पाचवं आहे. आधीची चार गाळून थेट पाचव्यावर उडी मारली, तर माझ्या वाटचं काम मी देवाच्या खात्यावर टाकतो. ऑफिसात सर्व्हर पडल्यावर कारणाच्या रकान्यात "नशीब" लिहिलेलं कुणी चालवून घेईल का?

रात्री आईला सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "हे माउलीला सांगितलंस का?"

नव्हतं सांगितलं. आभार तेवढे मानले होते.

आजचा नेम : देवापुढे हात जोडताना, आपल्या वाटचं राहून गेलेलं एक काम त्याला मोकळेपणाने सांगू या. आणि उद्या सकाळी ते आधी करू या.

कृष्णार्पणमस्तु.