हँडल थोडं जड आहे ना?

गेल्या ऑक्टोबरमध्ये साताऱ्याहून पुण्याला परत येत होतो. माझी मोटरसायकल ३५० सीसीची, वजनाला १९० किलोंच्या आसपास, मागे सामानाचा बॉक्स. खेड शिवापूरच्या टोलनाक्याच्या अलीकडे थ्रॉटल सोडला, वेग ७०वरून खाली यायला लागला आणि जॅकेटची चेन ओढायला मी डावा हात हँडलवरून काढला. तेवढ्यात हँडल डावी-उजवीकडे हलायला लागलं. आधी बारीक, मग सेकंदाभरात इतकं, की आरशातलं मागचं काही दिसेना. हात परत ठेवला आणि थरथर थांबली. तिथून घरापर्यंत मी हँडल असं आवळून धरलं होतं, की रात्री मनगटं दुखत होती.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्रींनी पुढचं चाक उचलून दोन्ही फोर्क खालून धरून मागे-पुढे हलवले. आतून 'टक' असा आवाज आला. म्हणजे कोन सेट ढिला. चेसिसच्या नळीत वर आणि खाली ज्या दोन बेअरिंगांवर हँडल फिरतं, तो हा कोन सेट. त्यांनी पाना लावला, नट फिरवला, वर आणखी थोडा फिरवला आणि म्हणाले, "दादा, आवळून दिलाय. आता हलायची हिंमत करणार नाही." मी त्याच दिवशी कात्रजपर्यंत चक्कर मारली. थरथर गेली होती.

गाडी मला तशीही विकायची होती. महिन्याभराने इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातला एक मुलगा वडिलांबरोबर बघायला आला. गल्लीत दोन चकरा मारल्या, वळवून आणली, हेल्मेट काढत विचारलं, "दादा, हँडल थोडं जड आहे ना?"

मी म्हणालो, "हेवी गाडी आहे. सवय होते."

वडिलांनी ५,००० रुपये टोकन दिलं. ते गेल्यावर माझं उत्तर माझ्याच डोक्यात फिरत राहिलं. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. गाडी हेवी आहेच, सवयही होते. तरीही हँडल जड का आहे, हे मला माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं, आणि त्याने नेमकं तेच विचारलं होतं.

सिसेरोने इसवी सनापूर्वी ४४ साली कर्तव्यांवर लिहिलेल्या ग्रंथात अगदी असाच वाद दिला आहे. एकाला घर विकायचं आहे. घरात दोष आहेत आणि ते फक्त मालकाला ठाऊक आहेत. त्याने ते सांगावेत का? बॅबिलोनचा डायोजेनिस म्हणतो, न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. घ्यायची सक्ती कुठे केली आहे? त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, समोरच्याला चुकीच्या वाटेने जाताना दिसत असूनही गप्प राहणं हा अपराधच. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूने झुकतो. मीही झुकलो असतो. पण माझी अडचण वेगळी होती: माझ्या गाडीत दोष आहे हे तरी मला कुठे ठाऊक होतं? थरथर थांबली होती. विचारलं असतं तर मी मनापासून म्हणालो असतो, गाडी ठीक आहे.

या 'मनापासून'साठी क्लिफर्डकडे जावं लागतं. विल्यम किंग्डन क्लिफर्ड हा इंग्रज गणिती. १८७७ साली छापलेल्या 'द एथिक्स ऑफ बिलीफ' या त्याच्या निबंधाची सुरुवात एका जहाजमालकापासून होते. जहाज जुनं, वरचेवर दुरुस्त केलेलं. त्यातून देश सोडून निघालेली कुटुंबं जाणार आहेत. मालकाच्या मनात शंका येते. तो ती बाजूला सारतो: इतक्या सफरी केल्या, हीही होईल. हळूहळू त्याचा खरोखरच विश्वास बसतो. जहाज बुडतं, मालक विम्याचे पैसे घेतो आणि काही बोलत नाही. क्लिफर्ड म्हणतो, त्याचा विश्वास प्रामाणिक होता, पण तो बाळगायचा हक्क त्याला नव्हता. कारण तो तपासातून आला नव्हता, शंका दडपून आला होता. पुढे तो म्हणतो, जहाज सुखरूप पोचलं असतं तरी माणूस तितकाच दोषी.

मी माझी शंका दडपली होती आणि तेही अक्षरशः, पाना लावून. हे नीट कळायला दुचाकी उभी कशी राहते ते बघावं लागेल. चालती मोटरसायकल एका बाजूला कलली, की पुढचं चाक त्याच बाजूला थोडं वळतं आणि गाडी पुन्हा सरळ होते. हे सतत, आपल्या नकळत चालू असतं. त्यासाठी हँडल मोकळं फिरायला हवं. पण मोकळं फिरणारं हँडल झुलूही शकतं. रॉबिन शार्प या ब्रिटिश अभियंत्याने १९७१ साली मोटरसायकलच्या स्थिरतेचं गणित मांडलं, त्यात दोन झोके ठळकपणे वेगळे काढले. एक 'वॉबल': फक्त पुढचा भाग, सेकंदाला साधारण सहा ते दहा वेळा. दुसरा 'वीव्ह': अख्खी गाडी, सेकंदाला दोन-तीन वेळा, जास्त वेगात. म्हणजे वॉबल बाहेरून येऊन गाडीला जडणारा आजार नाही, तो तिच्या रचनेतच असतो. एरवी तो उठल्या उठल्या विरतो. झिजलेला टायर, ढिला कोन सेट, मागे लादलेलं ओझं, अशा गोष्टी ही विरण्याची ताकद थोडी थोडी खात जातात आणि एक दिवस तो विरत नाही.

कोन सेट गरजेपेक्षा जास्त आवळला, की घर्षणामुळे झोका उठत नाही. पण त्याच घर्षणामुळे हँडल स्वतःहून वळायचंही थांबतं. मग कमी वेगात गाडी सरळ जात नाही, एकीकडे ओढत राहते आणि चालवणारा सारखी दुरुस्ती करत बसतो. हँडलची हालचाल रोखणाऱ्या डॅम्परबद्दलही शार्पच्या गणितातून हेच निघतं: वॉबल दबतो, पण जास्त वेगातला वीव्ह बळावू शकतो. त्या मुलाच्या हाताला जे जड लागलं, ते हे होतं.

माझ्या धंद्यात याला जोडीदार आहे. प्रोग्रॅम अधूनमधून कोसळतो, कारण सापडत नाही, तेव्हा आपण त्या ओळीभोवती ट्राय-कॅच लावतो आणि एरर गिळून टाकतो. कोसळणं थांबतं, तिकीट बंद होतं. मी अशी तिकिटं बंद केली आहेत. तिथे फार तर कुणाचं तरी बिल चुकतं.

सकाळी मुलाला फोन करून आठ दिवस थांबायला सांगितलं. मग तपास सुरू केला. नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक बदलानंतर सकाळी सहाला त्याच रिकाम्या रस्त्यावर, तळवे हँडलवर सैल ठेवून, ७०वरून ५०वर यायचं.

पहिल्यांदा कोन सेट योग्य तेवढा सैल केला. थरथर परत आली. वाईट वाटायला हवं होतं, पण हायसं वाटलं. टायरची हवा पुढे ४ पीएसआय कमी होती. भरली, फारसा फरक नाही. मागचा बॉक्स काढला. मागे वजन कमी झालं, की पुढच्या चाकावर भार वाढतो; थरथर निम्मी झाली. पुढच्या टायरवरून तळहात एकदा या दिशेने, एकदा त्या दिशेने फिरवला: एकीकडून गुळगुळीत, दुसरीकडून करवतीसारखा. टायर बदलला, चाक बॅलन्स केलं. आता अगदी लक्ष दिलं तरच जाणवायची. शेवटी गाडी डबल स्टँडवर घेतली, मित्राने मागून दाबून पुढचं चाक उचललं आणि मी हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. बरोबर मधोमध बोटांना एक खाच लागली. कोन सेट उघडला, तर खालच्या कड्यावर छर्रे दबून खड्डे पडले होते. अशा कोन सेटला योग्य आवळणं नसतंच: मध्ये ठीक केला तर बाजूला घट्ट, बाजूला ठीक केला तर मध्ये ढिला. नवा टाकला. हँडल बोटाने ढकललं, की आपल्या वजनाने शेवटपर्यंत जाऊन पडायला लागलं. थरथर गेली.

मग बॉक्स परत लावला आणि चार फेऱ्या मारल्या. तीनदा काही नाही. एकदा किंचित काहीतरी वाटलं. रस्ता असेल, वारा असेल, माझा हात असेल.

इथे मला कळलं, की 'कारण सापडलं' असं वाक्य मला कधीच म्हणता येणार नाही. टायर, कोन सेट, बॉक्स, प्रत्येकाचा थोडा वाटा होता. 'गाडी आता शंभर टक्के ठीक आहे' हेही म्हणता येणार नाही. मग त्या मुलाचं मी नेमकं काय देणं लागत होतो? खात्री माझ्याकडेच नव्हती, ती त्याला कुठून देणार? पण हिशेब देता येत होता: काय दिसलं, काय बदललं, कसं तपासलं, कुठे अजून शंका आहे. क्लिफर्डचा जहाजमालकही समुद्राची हमी देऊ शकला नसता. त्याला एवढंच करता आलं असतं, की जहाज गोदीत लावून तपासायचं आणि जे आढळलं ते जाणाऱ्यांना सांगायचं. मग जायचं की नाही ते त्यांनी ठरवलं असतं. माझ्या 'सवय होते'ने हे ठरवणंच त्या मुलाकडून काढून घेतलं होतं.

बापलेक रविवारी आले. मी एका कागदावर सगळं लिहून ठेवलं होतं, चौथ्या फेरीसकट. आवळलेल्या कोन सेटचं आणि माझ्या त्या उत्तराचंही सांगितलं. मुलगा कोन सेटचं जुनं कडं हातात घेऊन खड्ड्यांवरून नख फिरवत होता. वडिलांनी कागद शेवटपर्यंत वाचला, घडी घालून परत दिला.

"तुम्ही एवढं सांगताय म्हणजे चांगलंच आहे," ते म्हणाले. "पण एवढं सांगावं लागतंय म्हणजे..."

मी ५,००० रुपये परत केले. जिन्यातून उतरताना मुलाने एकदा वळून गाडीकडे बघितलं.

मला राग आला नाही असं म्हणणार नाही. तपासलेली, नवा टायर आणि नवा कोन सेट टाकलेली गाडी त्यांनी नाकारली; न तपासलेली ते आनंदाने घेऊन जाणार होते. खरं सांगणाऱ्याचं गिऱ्हाईक जातं, हे बाजारात सगळ्यांना माहीत असतं. डायोजेनिसच्या बाजूने सगळ्यात मोठा मुद्दा बहुधा हाच असावा. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण त्या वडिलांनी जे ठरवलं, ते सगळं माहीत असताना ठरवलं. मी भरवसा ठेवला असता तशा गाडीवर त्यांनी मुलाला बसवायचं नाही असं ठरवलं, तर तो त्यांचा अधिकार आहे.

गाडी अजून माझ्याकडे आहे. बॉक्स काढून टाकला, कागद सीटखाली ठेवला. मार्चमध्ये त्या मुलाचा मेसेज आला. दुसरी एक गाडी बघितली आहे, मालक म्हणतो एकदम ओके, काहीच काम नाही. फोटो पाठवले होते. फोटोत टायर चांगला दिसत होता.

मी लिहिलं, "घेण्याआधी डबल स्टँडवर लाव. मागून कुणाला तरी दाबायला सांग आणि हँडल सावकाश फिरवून बघ."

थोड्या वेळाने त्याचं उत्तर आलं: "जड लागलं तर?"

"तर मालकाला विचार, का जड आहे. आणि त्याचं उत्तर ऐकून मला फोन कर."