पोलिओ नाही, मग काय?

अहवालात ‘पोलिओ विषाणू आढळला नाही’ असं वाचलं की मला आनंद होतो. हा आनंद नेमका कोणासाठी असतो, हे हल्ली मी स्वतःला विचारते आहे.

मी सुरतेतल्या एका प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्र विभागात काम करते. पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय एकाएकी लुळा पडला, की त्याची नोंद होते. चौदा दिवसांच्या आत, किमान एका दिवसाच्या अंतराने, त्याच्या शौचाचे दोन नमुने घेतात आणि बर्फाच्या पेटीतून अहमदाबादला बी. जे. मेडिकल कॉलेजच्या पोलिओ प्रयोगशाळेकडे पाठवतात. तिथे ते दोन जातींच्या पेशींवर वाढवले जातात. आरडी पेशी माणसाच्या स्नायूतल्या गाठीपासून आलेल्या. त्यांच्यावर पोलिओच्या कुळातले बरेच एन्टेरोव्हायरस वाढतात. एल२०बी या मूळच्या उंदराच्या पेशी, पण पोलिओ विषाणूला शिरता यावं म्हणून त्यांत मानवी ग्राही (रिसेप्टर) बसवलेला. एल२०बीवर काही वाढलं, की पीसीआर ही जनुकीय चाचणी होते आणि विषाणू रानटी की लशीतला हे ठरतं. फक्त आरडीवर वाढलं, एल२०बीवर नाही, तर बहुतेकदा शिक्का पडतो ‘नॉन-पोलिओ एन्टेरोव्हायरस’ असा. एरवी तिथेच वाट संपते.

या शिस्तीनेच देश पोलिओमुक्त झाला, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. नैसर्गिक पोलिओचा आपल्याकडचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी प्रमाणपत्र मिळालं. परळला हाफकिनच्या आवारातल्या एन्टेरोव्हायरस संशोधन केंद्राने २००१ पासून मुंबईच्या सांडपाण्यातही हा विषाणू शोधला. इतक्या चिकाटीने एखाद्या रोगाचा माग काढलेला फार थोड्या ठिकाणी दिसेल. पण ही यंत्रणा एकाच शत्रूसाठी उभी राहिली. तो नाही म्हटल्यावर तिची जबाबदारी संपते. माझी संपते का?

लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा इथे घराघरात खानदेश आहे. नंदुरबार, धुळे, जळगावहून लूमवर आणि मिलमध्ये कामाला आलेली माणसं. त्यांतलीच एक आई कागद हातात धरून माझ्यासमोर उभी होती. तिचा मुलगा अजून पाय ओढत होता. ती म्हणाली, “पोलिओ नही शे, मंग काय शे ताई?”

मी तिला सांगितलं, एक विषाणू सापडलाय, पोलिओसारखाच, पण पोलिओ नव्हे. पुढचं सांगितलं नाही. पुढचं अवघड होतं म्हणून, की ते सांगायला वेळ लागला असता म्हणून, याचा मी अजून निवाडा करते आहे.

अवघड तर ते आहेच. एन्टेरोव्हायरस शौचातून कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. पावसाळ्यात दाट वस्तीत ठणठणीत मुलांच्या शौचातही तो सापडतो. म्हणजे शौचात विषाणू मिळाला यावरून पाय त्यानेच लुळा केला असं म्हणता येत नाही. पाठीच्या पाण्यात मिळाला तर पुरावा भक्कम. पण एन्टेरोव्हायरस ए७१ सारखा विषाणू मज्जासंस्थेला इजा करूनही त्या पाण्यात पुष्कळदा सापडत नाही. शिवाय घशाच्या आणि पाठीच्या पाण्याच्या नमुन्यांवर आमच्याकडे होणारी पीसीआर चाचणी विषाणूच्या आरएनएच्या सुरुवातीचा तुकडा शोधते, जो सगळ्या एन्टेरोव्हायरसांत जवळपास सारखाच असतो. त्यातून फक्त आडनाव कळतं; आणि लिंबायतमध्ये ‘पाटील’ एवढ्यावर कोणाचं घर सापडणार? नाव हवं असेल तर व्हीपी१ या जनुकाचा क्रम वाचावा लागतो.

तो का वाचत नाही, याचं आमच्याकडचं ठरलेलं उत्तर असं, की उपचार बदलत नाहीत. ते बरंचसं खरं आहे, या विषाणूंवर अजून मान्यताप्राप्त औषध नाही. पण तापाने फणफणलेल्या तान्ह्या बाळाच्या पाठीच्या पाण्यात एन्टेरोव्हायरस वेळेवर सापडला, तर डॉक्टर प्रतिजैविकं लवकर थांबवू शकतात, बाळाला लवकर घरी सोडू शकतात. रोजावर जगणाऱ्या घराला रुग्णालयातला वाचलेला एक दिवस म्हणजे काय, हे उधन्यात राहून मला कळत नाही असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

आणि नावाचा उपयोग पुढच्या मुलाला होतो. १९९८ मध्ये तैवानात हात-पाय-तोंड रोगाच्या साथीत ७८ जण दगावले, बहुतेक लहान मुलं. ए७१ हे नाव समोर आलं, त्याचा पाठपुरावा झाला, म्हणून पुढे चीनमध्ये त्याच्यावरच्या लशी तयार झाल्या. आपल्या सुरतेनेही निदानाच्या गोंधळाची किंमत मोजलेली आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने शहर सोडून लोक मिळेल त्या गाडीने निघाले, कित्येक खानदेशात गेले, आणि हा प्लेगच का यावर तज्ज्ञांचे वाद चालूच राहिले. तो प्लेगच होता याचा, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा जनुकीय पुरावा प्रसिद्ध झाला २००० मध्ये.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही खोटं बोलणं आणि गप्प राहणं यांत मी गप्प राहणं निवडत आले, आणि त्याला शास्त्रीय काटेकोरपणा म्हणत आले. पुरावा नसताना कारण सांगायचं नाही, हा काटेकोरपणाच आहे. पण आपल्याला काय माहीत आहे आणि काय नाही हे त्या आईला बसवून सांगायचं नाही, यात काटेकोरपणा कुठला? पोलिओचा अहवाल राज्याकडे, देशाकडे जातो, तिथे त्याची आतुरतेने वाट पाहिली जाते. ज्या शरीरातून नमुना निघाला त्याच्या घरी तो जातो की नाही, हे मी कधी तपासलं नव्हतं.

लुळेपणाच्या नोंदीत गरजेनुसार साठ दिवसांनंतर मुलाला पुन्हा तपासतात, अशक्तपणा उरला का ते पाहतात. ती नोंद माझ्या टेबलावर येत नाही. आता मी ती मागायला लागले आहे. ज्या मुलांचा अशक्तपणा उरला, त्यांच्यापैकी ज्यांच्या घशाच्या किंवा पाठीच्या पाण्याच्या नमुन्यात आमच्याकडे एन्टेरोव्हायरस मिळाला होता, ते नमुने प्रकार ओळखण्यासाठी पाठवायची परवानगीही मागितली आहे. पायाला रोज व्यायाम कोण शिकवेल, कुठल्या खोलीत, किती वाजता, एवढं मी त्या आईला लिहून दिलं, मराठीत. नाव कळलं तर नाव सांगेन, आणि याच विषाणूने पाय गेला असं छातीठोक सांगता येत नाही, हेही त्याच दमात सांगेन.