मूळ कोणतं तोडायचं?



आजचं चिंतन गीतेच्या 15व्या अध्यायावर. (विनोबांनी ‘गीताई’ आपल्या वर्ध्यातच रचली, 1930-31 मध्ये.) भगवंत सांगतात, खोल मुळांचा हा संसाररूपी अश्वत्थ वैराग्याच्या शस्त्राने तोडा. तोडायची ती आसक्ती, बरं का! पिपरी मेघेत नाली खोदताना, अंगणात फरशी बसवताना खऱ्याच कडुनिंबाची मुळं तुटतात. मग वादळात झाड आडवं झालं की दोष वाऱ्याला.

बुंध्याभोवतीची माती मोकळी राहू द्या. वाळक्या, चिरलेल्या फांद्या पावसाळ्याआधी काढा. पण सरसकट शेंडा छाटू नका. तिथून फुटलेल्या नव्या फांद्यांची पकड कच्ची असते.

रोपाला काठीचा आधार द्या, पण सैल, जुन्या लुगड्याच्या पट्टीने. वाऱ्यात डोलल्यानेच खोड जाड होतं, मूळ जमीन धरतं. वर्षभरात काठी काढायची. लेकरांचंही असंच, पण काठी काढायचा धीर आईबापाला होत नाही.

कालच्या वाऱ्यात कोणाचं रोप कललं असेल, तर मुळं सुकायच्या आत हळूच सरळ करा, माती दाबा, पाणी घाला. अध्याय नंतर वाचला तरी चालेल.

राम कृष्ण हरी.